शिरपतीतात्यांचा म्हाळ

दशमी करपली म्हणून आत्याबाईंनी सकाळी सकाळी मला फैलावर घेतलं.

"हात काय मेला का गं तुझा? एक दशमी धड जमंना! तात्यांच्या पानात असली काळी ठिक्कर ठेवू व्हय?"

"दुसरी करते की. पीठ उरलंय."

"कर. आन् दूध जास्ती घाल. दोन दिस राह्यली तरी बोटानं मोडली पायजे."

मेलेल्या माणसाच्या पानातली दशमी दोन दिवस कशाला राहायला पाहिजे, हे अगदी ओठावर आलं होतं माझ्या. पण म्हाळाच्या दिवशी सासूशी हुज्जत नको म्हणून गिळलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. दिवस होता पितृपंधरवड्यातल्या चौदसीचा, साल एक्क्याऐंशी. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. आज सत्तरी ओलांडली, पण त्या दिवशी चुलीवर काय काय होतं ते अजून सांगते: गवारीची भाजी, भोपळा, कढी, वडे, तांदळाची खीर आणि ती मेली दशमी.

बाकी सगळ्या घरांत म्हाळ ज्याच्या त्याच्या तिथीला. आमच्या घरीही सासऱ्यांचा त्यांच्या तिथीला, नवमीला; शिरपतीतात्यांचा मात्र चौदसीला. हे तात्या म्हणजे सासऱ्यांचे चुलते. जांभळीच्या झाडावरून पडून गेले, आणि अपघातानं गेलेल्याचं पान चौदसीला वाढतात, असं आत्याबाईंनी मला सांगितलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या पंधरवड्यात काही हे पान नव्हतं. दोन वर्षांनी सुरू झालं. "तात्या सपनात आलं, म्हणलं मला कुणीच इचारत न्हाय," असं आत्याबाई म्हणाल्या. म्हटलं, बरं बाई, एका म्हाताऱ्याचं पोट भरतंय तर भरू दे. त्या वर्षापासून दर चौदसीला मी मन लावून रांधायची.

घास खरं तर बाप्यामाणसानं ठेवायचा. आमच्या घरात बाप्या नव्हता. चुलत सासरे आबा शेजारच्या आळीत राहायचे, ते यायचे जेवायला. पण तात्यांचा घास ठेवायची वेळ आली की आत्याबाई म्हणायच्या, "मालनच्याच हातनं जाऊ द्या." मला आपला त्याचा अभिमान. एवढी खाष्ट बाई, पण माझ्या हातावर जीव आहे तिचा, असं वाटायचं.

आणि जीव होताच. ते मी नाकारणार नाही. संध्याकाळी माझी वेणी त्या घालायच्या. दुखलंखुपलं तर रात्र रात्र उशाशी बसायच्या. गावात कुणी माझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोललं, तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. बोलायचे लोक. का नाही बोलणार? नवरा लढाईत बेपत्ता, आणि ही कपाळभर कुंकू लावून वडाला फेरे मारतेय.

आमचं लग्न एकाहत्तरच्या वैशाखात झालं. ह्यांना सत्तावीस दिवसांची रजा उरली होती. सत्तावीस दिवसांत नवऱ्याची काय ओळख होणार हो? त्यात पहिले आठ दिवस देवदेव आणि पाहुणे. मला एवढंच कळलं, की हे झोपेत उजव्या कुशीवर वळतात आणि हसताना तोंडावर हात धरतात. जेवणात काय आवडतं तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ताट आत्याबाई वाढायच्या, आणि सुनेनं आत पोळपाटापाशी बसायचं. दिवाळीनंतर लढाई लागली. लग्नाची नोंद पलटणीत पोचायची होती तोवर, म्हणून कागदोपत्री ह्यांचं जवळचं माणूस म्हणजे आईच. तार आत्याबाईंच्या नावानं आली. आबांनी वाचली. ते पलटणीतनं सुभेदार होऊन आलेले, त्यांना इंग्रजी यायचं. "बेपत्ता," म्हणाले. "म्हंजे गावंना. गावंल."

गावंल. ह्या एका शब्दावर मी दहा वर्षं काढली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझा भाऊ, अण्णा, मास्तरकीच्या कोर्सचा फॉर्म घेऊन आला होता. मी अकरावी पास. आमच्या आळीत तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती. "दोन वर्षं चल माझ्याबरोबर," अण्णा म्हणाला. "दाजी आले की परत ये. नुसतं बसून काय करणार तू?"

मी म्हणाले, "आणि ते आले, आणि घरात मी नसले तर?"

आत्याबाई सोप्यावर तांदूळ निवडत होत्या. अण्णानं त्यांना विचारलं, "तुम्ही सांगा की हिला." त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "तिची मर्जी," एवढंच म्हणाल्या.

अण्णा फॉर्म ठेवून गेला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी दुधाचा हिशेब लिहिला.

लढाईला वर्ष होत आलं तेव्हा पेपरात आलं, दोन्हीकडचे कैदी सुटणार. मी पंधरा दिवस अंगणात रांगोळी काढली. न्हाऊन, नवी साडी नेसून रस्त्याकडं तोंड करून बसायची. आत्याबाईंनी त्या पंधरा दिवसांत माझी वेणी रोज दोनदा घातली.

तर असं सगळं. आता त्या दिवशीचं सांगते.

स्वयंपाक झाला. केळीच्या पानावर तात्यांचं वाढून सोप्यावर पाटापुढं ठेवलं. आत्याबाई आबांना बोलवायला गेल्या. मी दारात उभी राहून घाम पुसत होते, तेवढ्यात एक माणूस आला. उंच, रापलेला, पायांत पलटणीतले काळे बूट. हातातल्या पिशवीतनं नारळाची शेंडी आणि उदबत्तीचा पुडा बाहेर आलेला.

"हणमंत निकमचं घर हेच का?"

दहा वर्षांत ह्यांचं नाव घेत दारात असं परकं माणूस आलं नव्हतं. बातमी आली, मनात म्हटलं, बातमी आली गं बाई!

"हेच. या की, बसा. कुठनं आलात?"

"मी दौलत फडतरे. हणमंताच्या पलटणीतला. गेल्या म्हैन्यात पेन्शनीत आलो. आई कुठायत?"

"आबांकडं गेल्यात, येतीलच एवढ्यात. पाणी आणते."

मी पाणी आणलं. लोटीभर पाण्यातलं निम्मं माझ्या पदरावर सांडलं. त्यानं पाणी पिऊन लोटी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही, कपाळाकडं.

"तुम्ही ह्यांच्या भावकीतल्या का?"

मी नुसतंच हूं केलं. का केलं, कोण जाणे. काय आणलंय ते आधी कळू दे, असं वाटलं असावं.

"मंग तुमाला ठावं असंल," तो म्हणाला. "हणमंताच्या बायकोचं काय झालं? गेली का शिकायला?"

"शिकायला?"

"व्हय. मास्तरीण करायची होती त्याला तिला. तेवढंच सांगितलं की त्यानं शेवटाला. 'माझी आई लै हट्टी हाय दौलत, ती तिला सोडायची न्हाय. तू सोता जाऊन सांग. म्हणावं, मालनला शिकाय घाला, घरात कोंडू नका.' आन् मी आलो की सांगायला! पाय अजून प्लास्टरात होता माझा, तरी आलो. ह्या इथंच सोप्यावर बसून सांगितलं आईंना. संक्रांतीचा दुसरा दिस होता. ती म्हायेरी गेलती, न्हायतर तिलाच सांगितलं असतं."

शेवटाला, म्हणाला तो. मी भिंतीला टेकले.

"शेवटाला म्हणजे?"

"म्हंजे जाताना." माझ्या अडाणीपणाचं त्याला नवल वाटलं असावं. "आमी दोघंच मागं राह्यलो होतो. ओढ्याच्या पल्याड. त्याच्या पोटात लागलं हुतं. दोन दिस होता. माज्याच मांडीवर गेला. अग्नी द्यायची सोय नव्हती, उजेड दिसला असता. बाभळीखाली खड्डा केला हातानं. मी चार दिसांनी माघारी पोचलो, तवर इकडं बेपत्ताची तार गेली हुती. मंग दुसरा कागद धाडला पलटणीनं. आला असंल की."

तो उठून पानाजवळ गेला. दशमीकडं बघून हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले.

"ही बघा. रजेवरनं आला की ट्रंकेत आईच्या हातच्या दशम्या. आठ दिस पुरवायचा. आमाला एक एक तुकडा द्यायचा, ते बी मोजून. म्हटलं आज चौदस, हत्यारानं गेलेल्याचं पान आजच वाढत्यात, तवा आईंनी वाढलंच असंल. म्हणून मुद्दाम आजचा दिस धरून आलो. एकदा त्याच्या पानाशेजारी बसून जेवावं."

हत्यारानं गेलेल्याचं. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. झाडावरनं पडलेल्याचं, सांगितलं होतं.

आठ वर्षं. आठ वर्षं मी माझ्या नवऱ्याचा म्हाळ माझ्या हातानं रांधत होते, कपाळाला कुंकू लावून. आदल्या दिवशी देवापुढं हात जोडायची, ह्यांना सुखरूप आण. आणि दुसऱ्या दिवशी ह्यांचाच घास भिंतीवर ठेवून यायची.

"भावजी," मी म्हणाले, "मी मालन."

तो माणूस तटकन उभा राहिला. माझ्या कपाळाकडं बघितलं, पानाकडं बघितलं, परत माझ्याकडं. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात धरली आणि "वैनी, मला म्हाईत न्हवतं," एवढं म्हणाला. परत तेच म्हणाला.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. मागनं काठी टेकत आबा. आत्याबाईंनी दौलतला बघितलं, आणि त्यांनी त्याला ओळखलं हे मला उंबऱ्यापासनंच दिसलं. त्या आत येईनात.

"आत्याबाई," मी विचारलं, "शिरपतीतात्या कोण होते?"

त्यांनी आबांकडं बघितलं. मग मी आबांना विचारलं, "तुम्ही सांगा. तुमचेच चुलते ना? जांभळीवरनं पडलेले?"

आबा सोप्याच्या कडेला बसले. एवढा मोठा सुभेदार, पण नजर पायांच्या अंगठ्यावर. "शिरपती म्हणून कुणी न्हवतंच पोरी," ते म्हणाले. "मी म्हणलं हुतं वैनीला, सांगून टाक. दुसरा कागद आला तवाच म्हणलं. तिनं मला आन घातली, ल्योकाची."

"मेलेल्या लेकाची?"

"आवाज चढवू नगं," आत्याबाई म्हणाल्या. "आधी घास ठेव. मंग काय बोलायचं ते बोल. त्यो उपाशी हाय."

मला हसू फुटलं. खोटं नाही सांगत, हसले मी. दहा वर्षं सुनेला जितं पुरलं, आणि काळजी कशाची, तर लेकाची दशमी गार होईल ह्याची!

"का केलंत असं? तेवढं सांगा, मग ठेवते."

त्या आत आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. घाबरल्या होत्या का? अजिबात नाही. तेच मला जास्त लागलं. कुणीतरी न विचारलेलं एकदाचं विचारलं, असं त्यांचं तोंड झालं होतं.

"एकविसाव्या वर्सी पुसलं माजं," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय त्ये काय असतं. तुजं पुसायला हात धजला न्हाय माजा. हे एक. आन् दुसरं… तू रोज सकाळी आरशापुढं हुबी ऱ्हायाचीस. बोटानं कुंकू ओढायचीस. मी चुलीपाशी बसून बघायची. आन् मला वाटायचं, हाय. माजा हणमा हाय कुटंतरी. हिच्या कपाळावर हाय म्हंजे हाय. तुजं पुसलं असतं त्या दिशी त्यो मेला असता."

"तो मेलाच होता आत्याबाई."

"तुला न्हवता मेला. घरात एका माणसाला तरी त्यो जित्ता पायजे हुता."

"आणि त्यांनी सांगितलं होतं, मालनला शिकायला घाला?"

"व्हय. सांगितलं हुतं."

"अण्णा आला होता तेव्हा तुम्ही इथंच बसला होता. तांदूळ निवडत. मी म्हणाले, ते आले आणि मी घरात नसले तर? तुम्ही ऐकलंत ते."

"ऐकलं."

"आणि म्हणालात, तिची मर्जी."

पहिल्यांदा त्यांनी मान खाली घातली. "तू गेली असतीस," त्या म्हणाल्या. "मंग मी कुणाच्या कपाळाकडं बघितलं असतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. खूप लोकांनी नंतर मला विचारलं, तेव्हा रडलीस का? नाही. संताप होता. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं जिनं माझं केलं, तिनंच माझा गळा कापला होता, आणि दहा वर्षं मला कळू दिलं नव्हतं. वेणी घालताना तिला ठाऊक होतं. कैदी सुटायच्या त्या पंधरा दिवसांत तिला ठाऊक होतं. मी रस्त्याकडं डोळे लावून बसलेली असताना ती मागं बसून माझ्या केसांना तेल लावत होती, आणि तिला ठाऊक होतं. मास्तरकीच्या कोर्सला वयाची अट असते, ती माझी केव्हाच निघून गेली होती. पुढं अंगणवाडीत नोकरी केली मी, एकवीस वर्षं, ती गोष्ट वेगळी. पण त्या सोप्यावर उभी होते तेव्हा माझ्याजवळ काहीच नव्हतं. नवरा नव्हता, त्याच्या मागं काढायचं दुःखसुद्धा नव्हतं. ते आत्याबाईंनी एकटीनं उरकलं होतं.

"वैनी, घास मी ठेवू का?" दौलत हळूच म्हणाला.

"नको," मी म्हणाले. "माझ्याच हातनं जातो इथं."

मी पान उचललं आणि अंगणात आले. कोपऱ्यात बुटकी भिंत आहे, तिच्यावर घास ठेवायचा आणि ज्याचा म्हाळ त्याला नावानं हाक मारायची. दरवर्षी मी "शिरपतीतात्या, या जेवायला" असं पुटपुटून मागं फिरायची. आत्याबाई दारातनं नुसते ओठ हलवायच्या. त्या कुणाला हाक मारत होत्या, ते आता कळलं.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव असं सरळ घेत नाही. उखाण्यात घ्यायचं, ते पण लाजत. मी भिंतीवर पान ठेवलं, पदर खोचला, आणि आळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज काढला.

"हणमंत बळवंत निकम! या जेवायला! तुमचा म्हाळ आहे!"

समोरच्या पारूकाकू नळावर हंडा भरत होत्या. हंडा तसाच वाहत राहिला. मी परत हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. दारं उघडली, बायका बाहेर आल्या. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? चौदस होती आणि मी नाव घेतलं होतं.

मागं सोप्यावर आत्याबाई खाली कोसळल्या. त्यांनी असा हंबरडा फोडला की कौलावरची पाखरं उडाली. दहा वर्षं दाबून धरलेलं रडणं होतं ते. दौलत तोंड फिरवून उभा राहिला, आबांनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला. "माजा हणमा गेला गं, माजा वाघ गेला," असं म्हणत त्या जमिनीवर हात आपटत होत्या, आणि मधेच त्यांनी तो हात माझ्याकडं केला. मी अंगणात उभी होते. माझं पाऊल उचललं नाही.

पारूकाकू धावत आल्या. त्यांच्या मागं आणखी चार-पाच जणी. सगळ्या सरळ सोप्यावर चढल्या आणि म्हातारीभोवती बसल्या. कुणी पाणी पाजतंय, कुणी पाठीवरनं हात फिरवतंय. पारूकाकूंनी तिथनंच मला हाक मारली.

"मालन, अगं अशी दगडासारखी काय हुबी? म्हातारीला धर की! आई हाय ती, पोटचा गोळा गेलाय तिचा!"

"तिला दहावं वर्ष चाललंय काकू," मी म्हणाले. "माझा आज पहिला दिवस आहे. मला कोण धरतंय ते बघा."